खर्जाचें गाणें
वाद्यवृंदाचें संगीत थोरल्या पितळी वाद्यांवर कसें उतरवावें

गतवर्षीं स्नेहसंमेलनाचा कार्यक्रम आटोपून मंडळी घरोघर निघालीं असतां एका विद्यार्थ्याच्या मातोश्रींनीं मला दारांत थांबविलें आणि विचारलें, "गुरुजी, आमच्या मुलाचें वाद्य तुमच्या बँडांत सगळ्यांत मोठें. घरीं आणतो तेव्हां तें रिक्षांत मावत नाहीं. पण त्याचें गाणें मला अजून एकदांही ऐकूं आलें नाहीं. तो वाजवितो तरी काय?" मीं त्यांस सांगितलें कीं, त्याचा स्वर नसेल तर वरचें सारें गाणें उभेंच राहणार नाहीं. उत्तर खरें होतें. परंतु त्यानें त्यांचें समाधान झालें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर माझेंही झालें नाहीं. चार चार वर्षें एखाद्या मुलानें दुसऱ्याच्या चालीखालीं नुसतें 'भोंप भोंप' करीत राहावें, आणि त्यालाच आपण संगीतशिक्षण म्हणावें, हें कितपत योग्य?

पुढें जूनमध्यें हा प्रश्न आपोआपच ऐरणीवर आला. क्लॅरिओनेट व कॉर्नेट वाजविणारे बहुतेक विद्यार्थी दहावी उत्तीर्ण होऊन शाळेंतून गेले. मागें उरले तीन ट्रॉम्बोन, दोन युफोनियम, एक बास आणि तालवाद्यें वाजविणारे चार विद्यार्थी. चाल वाजविणारा कोणीच नाहीं! नवीं मुलें तयार होईपर्यंत बँड बंद ठेवावा, असा सल्ला मला मिळाला. तो न मानतां, जीं वाद्यें हातीं आहेत त्यांच्याचसाठीं थोरामोठ्यांच्या वाद्यवृंदाचें संगीत नव्यानें लिहून काढावयाचें, असें आम्हीं ठरविलें. हें काम कसें केलें, त्यांत कोठें चुकलों आणि कोणते नियम हातीं लागले, तें विद्यार्थ्यांस व पालकांस कळावें म्हणून हा लेख लिहीत आहें.

प्रथम वाद्यांची ओळख करून घेऊं. ट्रॉम्बोन व युफोनियम ह्यांची नळी सारख्याच लांबीची, म्हणजे सुमारें ९ फूट असते. बासची नळी सरळ केली तर सुमारें १८ फूट भरते, म्हणून त्याचा स्वर एक सप्तक खालीं. मग ट्रॉम्बोन आणि युफोनियम ह्यांचा आवाज इतका निराळा कां? ट्रॉम्बोनची नळी बहुतांशीं सारख्या जाडीची असते, त्यामुळें तिचा स्वर धारदार व तेजस्वी येतो. युफोनियमची नळी मुखापासून कर्ण्यापर्यंत हळूहळू रुंदावत जाते, म्हणून त्याचा स्वर गोल व मऊ लागतो. चेलो हें तंतुवाद्य ज्यांनीं ऐकलें असेल त्यांना युफोनियम ऐकून त्याची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. आपल्या इकडील गवई पहाटे उठून खर्जाची मेहनत करतात. गळ्याचा पाया तेथें भरला जातो अशी त्यांची श्रद्धा आहे. बँडांत हा खर्ज ह्या तीन वाद्यांकडे असतो. ह्यांपैकीं पुष्कळ वाद्यें आपल्याच देशांत, मेरठच्या जली कोठी भागांत बनतात, हेंही विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावें. तेथील नादिर अली आणि कंपनी १८८५ सालीं स्थापन झाली.

युरोपांत एकोणिसाव्या शतकांत जें भावप्रधान संगीत निर्माण झालें, ज्यास तिकडे रोमँटिक म्हणतात, त्यांत ह्या थोरल्या वाद्यांना मान मिळाला खरा, पण फार वाट पाहावयास लावून. बेथोव्हेनच्या पांचव्या सिंफनींत (१८०८) ट्रॉम्बोन येतात ते अगदीं शेवटच्या भागांत. ब्राम्सच्या पहिल्या सिंफनींतही (१८७६) तेंच. तीन भाग संपेपर्यंत ट्रॉम्बोनवाले हात जोडून बसलेले असतात. ट्यूबा, ज्यास आपण बास म्हणतों, त्याचा जन्मच मुळीं १८३५ सालीं बर्लिन येथें झाला. द्व्होर्जाक ह्या बोहेमियन संगीतकारानें १८९३ सालीं 'नव्या जगांतून' ही नववी सिंफनी अमेरिकेंत लिहिली. तींत ट्यूबाला काम आहे तें केवळ दुसऱ्या, संथ भागांत, आणि तेंही मोजक्या कांहीं स्वरांचें. बाकी सारा वेळ त्या वादकानें मांडीवर वाद्य घेऊन बसून राहावयाचें. ह्याच सिंफनींत झांजेचा आघात सबंध रचनेंत एकच आहे. आमच्या बासवाल्या विद्यार्थ्यास हें सांगितलें तेव्हां तो म्हणाला, "म्हणजे माझ्यापेक्षांही कोणाची दशा वाईट आहे तर!"

आतां कोणी म्हणेल, एका प्रकारच्या वाद्यांसाठीं लिहिलेलें संगीत दुसऱ्या प्रकारच्या वाद्यांवर वाजविणें ही मूळ कर्त्याची विटंबना नव्हे काय? मला तसें वाटत नाहीं. स्वतः द्व्होर्जाकनें आपलीं 'स्लाव्ह नृत्यें' १८७८ सालीं प्रथम एकाच पियानोवर दोघांनीं बसून वाजविण्यासाठीं लिहिलीं, आणि लगेच स्वतःच तीं वाद्यवृंदासाठीं पुन्हां मांडलीं. मुसोर्गस्कीचीं पियानोवरील 'चित्रें' राव्हेलनें १९२२ मध्यें वाद्यवृंदास दिलीं, आणि आज जगांत तींच अधिक ऐकिलीं जातात. त्यांत बैलांनीं ओढलेल्या जड गाड्याचें एक चित्र आहे, तें राव्हेलनें ट्यूबाच्या हातीं सोपविलें आहे.

ह्याहून आपल्या जवळचें उदाहरण इंग्लंडांतील गिरण्यांचें आहे. यॉर्कशायरमधील क्वीन्सबरी गांवीं ब्लॅक डाइक गिरणीचा बँड १८५५ पासून चालत आला आहे. दिवसभर मागावर राबणारे कामगार सायंकाळीं एकत्र जमून पितळी वाद्यांवर इटालियन व जर्मन ऑपेरांतील संगीत वाजवीत. व्हायोलिनांनी भरलेला वाद्यवृंद पाहण्याची संधि त्यांतल्या कित्येकांना आयुष्यांत मिळालीही नसेल. त्यांना तें संगीत ठाऊक झालें तें आपल्याच हातांतल्या वाद्यांतून. १९०० सालापासून लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें अशा बँडांच्या राष्ट्रीय स्पर्धा भरूं लागल्या, आणि त्यांतील परीक्षेचे तुकडे प्रारंभीं अशा पुनर्रचनाच असत. केवळ पितळी बँडासाठीं मुद्दाम लिहिलेली मोठी रचना, पर्सी फ्लेचर ह्यांची, तेथें परीक्षेस लागली ती १९१३ मध्यें. सोलापूर हेंही गिरण्यांचें गांव. येथील पहिली कापडगिरणी १८७७ सालची. ती आतां इतिहासजमा झाली. पण जिच्या भोंग्यावर सारें शहर उठत असे, त्या शहराच्या मुलांना क्वीन्सबरीची गोष्ट परकी वाटूं नये.

आणि आपल्या गांवांतील लग्नाचे बँड तरी दुसरें काय करतात? मुंबईच्या चित्रपटांचें संगीत पन्नास साठ वादकांचा वृंद वाजवीत असे, आणि त्यांत गोव्याच्या ख्रिस्ती वादकांचा फार मोठा वाटा होता. तें संगीत नुसतें कानानें ऐकून आमचे बँडमास्तर दहा पंधरा वाद्यांत बसवितात. जवळ कागद नाहीं, पेन्सिल नाहीं. 'छाया' ह्या १९६१ च्या चित्रपटांत सलील चौधरी ह्यांनीं एक गीत मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीच्या चालीवर बांधलें. तें वरातींत वाजवितांना आपण व्हिएन्नाचें संगीत वाजवीत आहों हें किती बँडवाल्यांना ठाऊक असेल? ठाऊक नसलें म्हणून त्यांच्या कौशल्यास उणेपणा येत नाहीं. मीं स्वतः तीन सायंकाळीं अशा एका जुन्या बँडमास्तरांपाशीं बसून, वरचीं वाद्यें नसतांना चाल कोणाकडे द्यावी हें विचारून घेतलें. ते म्हणाले, "चाल द्या युफोनियमला, पण बाकीच्यांना गप्प बसायला शिकवा." ग्रंथांतून मिळालें नसतें असें हें वाक्य आहे.

आम्हीं निवडला तो द्व्होर्जाकच्या त्याच सिंफनीचा संथ भाग, 'लार्गो'. ह्याचें एक कारण असें कीं, त्याचा प्रारंभच मुख्यतः पितळी वाद्यांच्या गंभीर स्वरसंघांनीं होतो. दुसरें असें कीं, त्याची चाल आपल्या कानास परकी नाहीं. पहिल्या ओळींतले सारे स्वर सा, रे, ग, प, ध ह्या पांचांतले, म्हणजे भूपाचे आहेत. पुढें एके ठिकाणीं शुद्ध निषाद येतो. अर्थात् भूपाचें चलन तींत नाहीं, तेव्हां तिला भूप म्हणूं नये. पण मुलांना ती दोन दिवसांत मुखोद्गत झाली, ह्याचें श्रेय ह्या नात्याला आहे. मूळांत ही चाल इंग्लिश हॉर्न ह्या लांकडी वाद्याकडे आहे. आम्हीं ती एक सप्तक खालीं आणून युफोनियमकडे दिली.

येथें पहिली अडचण उभी राहिली. चाल एक सप्तक खालीं आली म्हणजे तिच्याखालचा आधारही खालीं न्यावा लागतो; तसें न केल्यास साथ चालीच्या डोक्यावर बसते. मीं उत्साहाच्या भरांत सारे स्वरसंघ जसेच्या तसे एक सप्तक उतरविले. पहिल्या तालमीला जो आवाज निघाला तो पिठाच्या गिरणीचा होता! मुलें मजकडे पाहूं लागलीं. त्यांना वाटलें आपलें कांहीं चुकलें. चूक माझी होती.

तिचें कारण समजून घेण्यासारखें आहे. मधल्या सप्तकांतील सी आणि ई हे स्वर घ्या. त्यांचीं कंपनें दर सेकंदास अनुक्रमें सुमारें २६२ व ३३० असतात. दोहोंत ६८ चें अंतर आहे. हेच दोन स्वर दोन सप्तकें खालीं नेले तर कंपनें सुमारें ६५ व ८२ होतात, आणि अंतर उरतें अवघें १७. प्रमाण तेंच, पण कानाला दोन स्वर स्वच्छ वेगळे करण्यास तेवढें अंतर पुरत नाहीं. ते एकमेकांवर घासतात आणि घरघर ऐकूं येते. म्हणून खर्जांत सा आणि ग जवळ जवळ ठेवूं नयेत. मग गांधार ठेवावा कोठें? ह्याचें उत्तर आपल्या तंबोऱ्यानें शेंकडों वर्षें दिलेलें आहे. तंबोरा उत्तम जुळला म्हणजे खर्जाच्या तारेंतून न छेडलेला गांधार आपोआप ऐकूं येतो. त्याला आपले गवई स्वयंभू गांधार म्हणतात. तो येतो मूळ षड्जाच्या दोन सप्तकें वर. एका स्वरांतून निसर्गतः जे स्वर निघतात त्यांचा क्रमच असा आहे: आधीं वरचा षड्ज, मग पंचम, मग पुन्हां षड्ज, आणि त्यानंतर गांधार. खालीं मोकळी जागा, वर दाटी. आम्हीं सारा कागद ह्याप्रमाणें पुन्हां लिहिला. बासला षड्ज दिला, तिसऱ्या ट्रॉम्बोनला त्याच्या वरचा षड्ज किंवा पंचम, आणि गांधार पहिल्या ट्रॉम्बोनला, होईल तितका उंच. चार स्वरांचे संघ कित्येक ठिकाणीं तीनच स्वरांवर आणले. दुसऱ्या तालमीस तेंच संगीत, तींच मुलें, तींच वाद्यें. पण खोली एकाएकीं मोठी झाल्यासारखी वाटली.

दुसरी अडचण श्वासाची. व्हायोलिनचा गज मागें पुढें फिरवून स्वर हवा तितका वेळ धरतां येतो. फुंकून वाजविणाऱ्यास छाती रिकामी झाली कीं थांबावेंच लागतें, आणि वाद्य जितकें मोठें तितका वारा जास्त खातें. लार्गोची चाल लांब लांब ओळींची. म्हणून दोन्ही युफोनियमना एकच चाल दिली आणि कागदावर लाल पेन्सिलीनें खुणा केल्या: एकानें येथें श्वास घ्यावयाचा, दुसऱ्यानें तेथें, दोघांनीं एकाच ठिकाणीं केव्हांही नाहीं. श्वास घेणाऱ्यानें स्वर हळूच सोडावा आणि हळूच पुन्हां मिसळावा. हें दिसतें सोपें. साधण्यास सहा आठवडे लागले.

ट्रॉम्बोनविषयीं थोडें अधिक लिहिलें पाहिजे, कारण नवखा लेखक तेथेंच अडखळतो. ह्या वाद्यास बटणें नाहींत. नळी पुढें मागें सरकविण्याच्या सात जागा आहेत, आणि एकेका जागेनें स्वर अर्धा अर्धा उतरतो. कागदावर बी फ्लॅट आणि बी हे शेजारचे स्वर. अंतर अर्ध्या स्वराचें. पण खालच्या सप्तकांत पहिला स्वर पहिल्या जागेवर लागतो आणि दुसरा सातव्या! साध्या ट्रॉम्बोनवर तेवढ्यासाठीं हात पूर्ण लांबवावा लागतो, आणि आठवींतल्या मुलाचा हात तेथवर पोंचतच नाहीं. तेव्हां लिहिणाऱ्यानें बोटांनीं नव्हे तर हातानें विचार करावा. तसेंच ह्या वाद्यावर मींड फार सुंदर निघते, आणि म्हणूनच ती मुलांना सारखी काढाविशी वाटते. दोन स्वर जोडावयाचे असतील तर जिभेनें हलकेच 'दा' म्हणावें आणि नळी चपळाईनें न्यावी, नाहीं तर द्व्होर्जाकच्या जागीं नाटकांतला विनोदी पात्राचा प्रवेश होतो.

तालवाद्यांच्या मुलांची तक्रार निराळी. लार्गोमध्यें त्यांना जवळजवळ कामच नाहीं. वरातीच्या सवयीनें मोठा ढोल प्रत्येक मात्रेला वाजावयाचा. येथें तो वाजवूं नये म्हणून मला ढोलाच्या काठ्या मेजांत कुलुपबंद कराव्या लागल्या. मूळांत टिंपनी नांवाचे स्वरांत जुळविलेले नगारे आहेत. ते आम्हांपाशीं नाहींत. त्यांचा स्वर बासला दिला आणि त्यांचा घुमारा मऊ कापसाच्या टोकाच्या काठ्यांनीं सैल केलेल्या ढोलावर धरला. दोन्ही एकाच क्षणीं सुरू झालीं तर पुष्कळ अंशीं भास होतो. झाला नाहीं तर मात्र दोन निरनिराळे अपघात ऐकूं येतात.

मुलांचें मन राखण्यासाठीं म्हणा, पण त्याच १८९३ सालच्या दुसऱ्या एका सिंफनींतला छोटा तुकडा आम्हीं जोडीला घेतला. चायकोव्स्कीची ही सहावी सिंफनी त्या वर्षीं ऑक्टोबरांत सेंट पीटर्सबर्ग येथें प्रथम वाजली, आणि नवव्या दिवशीं तो निवर्तला. तिच्या शेवटच्या भागांत टॅमटॅम नांवाच्या मोठ्या काशाच्या थाळ्यावर एकच मंद आघात होतो, आणि लगेच तीन ट्रॉम्बोन व ट्यूबा अगदीं हलक्या स्वरांत, जणुं कोणी आजारी माणूस निजलें आहे असें समजून, आपले स्वरसंघ म्हणतात. ह्यांत एकही स्वर बदलण्याची गरज नाहीं. चायकोव्स्कीनें तो आमच्यासाठींच लिहून ठेवला होता. अडचण थाळ्याची होती. आम्हीं शाळेची घंटा आणली. तिच्यावर टोला पडतांच सातवीचा एक वर्ग दप्तरें घेऊन बाहेर आला! शिवाय टॅमटॅमचा नाद कोणत्याही एका स्वराचा नसतो, आणि घंटेला स्वतःचा पक्का स्वर असतो. तो ट्रॉम्बोनांशीं भांडला. शेवटीं टोल्याला जुन्या सोलापुरी चादरीचा तुकडा दोन पदरी गुंडाळला आणि घंटा मधोमध न मारतां कडेच्या बाजूस मारली, तेव्हां स्वर बोथट होऊन नुसता गुंजारव उरला. तो एक टोला मारण्यासाठीं जो विद्यार्थी नेमला आहे तो आधींच्या साऱ्या मात्रा बोटांवर मोजीत उभा असतो; त्याची ती एकाग्रता गणिताच्या तासाला दिसेल तर किती बरें होईल!

हलगीचा उपयोगही एके ठिकाणीं झाला. सिद्धेश्वराच्या यात्रेंत नंदीध्वजांच्या मिरवणुकीपुढें हलगी ज्यांनीं ऐकिली आहे त्यांना तिची धार सांगावयास नको. तापवून चढविलेलें तिचें कातडें लार्गोसारख्या संथ संगीतांत चालणार नाहीं. पण 'स्लाव्ह नृत्यां'पैकीं पहिल्या संचांतील आठवें नृत्य 'फ्युरियंट' जातीचें आहे. ह्या जातीची खूण अशी कीं, तींत दोन दोन मात्रांचे तीन गट आणि मग तीन तीन मात्रांचे दोन गट असा वजनांचा खेळ असतो. हा झोंक मेजावर बोटें आपटून समजावितांना मला अर्धा तास लागला. हलगीवाल्या मुलानें एकदां ऐकलें, मान हलविली आणि वाजवून दाखविलें. त्यानें तो कोणत्या वस्तींतल्या कोणत्या वयोवृद्धाकडून उचलला होता, हें त्याचें त्यालाच ठाऊक. जलद चालीचे स्वर थोरल्या वाद्यांना झेपत नाहींत, म्हणून एकच ओळ दोन युफोनियममध्यें तोडून वाटली आहे: पहिल्यानें चार स्वर म्हणावे, दुसऱ्यानें पुढचे चार. ही युक्ति अजून पुरती साधलेली नाहीं.

कोणाही विद्यार्थ्यास असें लेखन करून पाहावयाचें असल्यास एक गोष्ट आधीं तपासावी. आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणें कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षें त्याच्या कृतीवर हक्क राहतो. चायकोव्स्की १८९३ मध्यें आणि द्व्होर्जाक १९०४ मध्यें वारला, तेव्हां त्यांच्या मूळ स्वरलेखांस हात लावण्यास हरकत नाहीं. पण दुसऱ्या कोणी अलीकडे केलेली पुनर्रचना उतरवून घेणें ही चोरी होय. मूळ स्वरलेख समोर ठेवावा आणि आपले कष्ट आपण करावे.

आतां उरला लार्गोचा शेवट. चालीला सारें सांगून झाल्यावर द्व्होर्जाकनें अखेरचा स्वरसंघ केवळ डबल बास ह्या सर्वांत थोरल्या तंतुवाद्यांना दिला आहे. त्यांची चार भागांत वांटणी करून, अत्यंत मंद. म्हणजे खर्जांत गांधार दाटीनें ठेवूं नये हा मीं एवढ्या खटपटीनें मिळविलेला नियम कर्त्यानें स्वतःच शेवटच्या ओळींत मोडला! मीं पहिल्यांदां तेथें माझ्या नियमाप्रमाणें गांधार वर नेऊन ठेवला होता. तालमींत बासवाला विद्यार्थी म्हणाला, "सर, हें फार उजळ वाटतं, त्यांनीं काळोख केला होता ना?" आम्हीं मूळ मांडणी करून पाहिली. सर्वांनीं जेमतेम श्वासाएवढा आवाज केला तर घरघर होत नाहीं. अंगावर कांबळें ओढल्यासारखा एक उबदार अंधार पसरतो. कोणीं जरासा जोर केला कीं पिठाची गिरणी पुन्हां सुरू. दहा वेळां वाजविलें तर सात वेळां जमतें. संमेलनाच्या रात्रीं कोणता शेवट वाजवावयाचा हें मीं त्या विद्यार्थ्यावरच सोपविलें आहे, आणि त्याच्या मातोश्रींना पहिल्या रांगेंत, बासच्या कर्ण्यासमोर, जागा राखून ठेविली आहे.